डाव्या हाताची दुसरी खेळी

अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मध्यावर, कातडीखाली, एक ताणलेली दोरी वर आलेली दिसेल. पामॅरिस लॉंगस नावाच्या एका लहानशा स्नायूची ही कंडरा. कितीतरी माणसांच्या हातात ती जन्मापासूनच नसते, आणि नसल्याने त्यांचं काहीही अडत नाही. मूठ तेवढीच घट्ट वळते, लिहिणं, उचलणं, पिळणं सगळं जिथल्या तिथे राहतं.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ही कंडरा एका माणसाच्या उजव्या मनगटातून काढली गेली आणि त्याच्याच डाव्या कोपरात बसवली गेली. माणसाचं नाव टॉमी जॉन, वय ३१, धंदा बेसबॉलमधली चेंडूफेक. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर फ्रँक जोब. हा खेळाडू पुन्हा वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळेल याची शक्यता डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितली होती : शंभरात एक.

आज अमेरिकेत ‘टॉमी जॉन’ म्हटलं की लोकांना ऑपरेशन आठवतं. जपानी खेळाडू शोहेई ओहतानीचं टॉमी जॉन झालं, अमक्या शाळेतल्या पोराला टॉमी जॉन करावं लागणार, असं सर्रास बोललं जातं. ज्याच्यावर ते पहिल्यांदा झालं तो माणूस मात्र या बोलण्यात कुठेतरी हरवला आहे. हा लेख त्या माणसाबद्दल, त्याच्या चेंडूफेकीबद्दल आहे. शस्त्रक्रिया त्यात येणारच, पण ती त्याच्या कारकिर्दीच्या मधोमध येते. तिच्या आधी तो १२४ सामने जिंकला होता, नंतर १६४ जिंकला.

बेसबॉलशी फारसा परिचय नसलेल्या वाचकासाठी आधी थोडं. पिचर म्हणजे त्या खेळातला गोलंदाज. तो मातीच्या बुटक्या उंचवट्यावर उभा राहतो आणि साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. चेंडूला टप्पा नसतो. त्यामुळे खेळपट्टी त्याच्या मदतीला येत नाही, जे करायचं ते हवेतच. सामना नऊ डावांचा. सुरुवात करणारा पिचर पूर्वी शक्य तर नऊही डाव टाकायचा, म्हणजे शंभर-सव्वाशे चेंडू, आणि मग तीन-चार दिवस विश्रांती. संघ जिंकला तर ठरावीक नियमांनुसार विजय त्या पिचरच्या नावावर मांडला जातो. पिचरची सगळी प्रतिष्ठा पूर्वी या एका आकड्यावर तोलली जायची. वर्षात वीस विजय म्हणजे थोर हंगाम, आणि आयुष्यात तीनशे म्हणजे अमरत्व.

क्रिकेटच्या गोलंदाजाचं वाकलेलं कोपर चेंडू टाकताना पंधरा अंशांपलीकडे ताणलं गेलं तर चेंडू अवैध ठरतो. म्हणून आपल्या वेगवान गोलंदाजांचं दुखणं निघतं ते पाठीत. जसप्रीत बुमराला २०२३ साली पाठीचीच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पिचरला कोपराचं बंधन नाही, आणि तेच त्याच्या मुळावर येतं. तो हात मागे नेतो तेव्हा कोपर काटकोनात वाकलेलं असतं, पंजा आभाळाकडे उलटा होतो, आणि पुढच्याच क्षणी खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश इतक्या वेगाने आत फिरतो. माणसाच्या शरीराच्या इतक्या वेगवान हालचाली फार थोड्या आहेत. त्या झटक्याने कोपर आतल्या बाजूला उघडायला बघतं. त्याला धरून ठेवते दंडाच्या हाडापासून खालच्या हाडापर्यंत गेलेली एक आखूड, बोटाच्या पेराहून फार मोठी नसलेली लिगामेंट. आजूबाजूच्या स्नायूंनी भार वाटून घेतला नाही, तर जोरकस चेंडूचा ताण तिला एकटीला पेलवणारा नसतो. वर्षानुवर्षं ती आतून विरत जाते आणि एखाद्या दिवशी तुटते.

१९७४ पूर्वी ती तुटली की पिचर घरी जायचा. ‘हात गेला’ एवढंच म्हटलं जायचं, नेमकं कारण कुणाला कळायचंही नाही. सँडी कोफॅक्स हा लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा, त्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर. १९६६ च्या हंगामात त्याने २७ सामने जिंकले आणि संधिवाताने खिळखिळ्या झालेल्या कोपरामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली. त्याच्यासारख्याची ही गत, मग इतरांची काय कथा!

टॉमी जॉन कोफॅक्सच्या जातीचा नव्हता. १९४३ साली इंडियाना राज्यातल्या टेरे होट या गावात तो जन्मला. डावखुरा, उंच, बास्केटबॉलमध्येही तरबेज. चेंडूला वेग असा नव्हताच. तो शिकला चेंडू वळवायला आणि बुडवायला. त्याच्या भात्यातलं मुख्य अस्त्र होतं सिंकर. हा चेंडू फलंदाजापर्यंत सरळ येतो आणि शेवटच्या काही फुटांत खाली जातो. फलंदाज मारतो, पण चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर. मग फटका उडत नाही, सरपटत जातो, आणि क्षेत्ररक्षक तो उचलून पहिल्या तळावर फेकतो. फलंदाज बाद. यात टाळ्या पडण्यासारखं काही नसतं. यष्ट्या उखडल्याचा आनंद यात नाही. प्रेक्षकाला वाटतं फलंदाजच चुकला. फलंदाजालाही तसंच वाटतं, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तसाच फटका मारतो.

१९६३ मध्ये क्लीव्हलँडने त्याला वरच्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, आणलं. पुढच्या वर्षी दोन विजय, नऊ पराभव. क्लीव्हलँडने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं. तिथे सात वर्षं तो नेमाने खेळला. १९६८ चा हंगाम त्याच्यासाठी फार सुंदर चालला होता. दर नऊ डावांमागे दोनहून कमी धावा तो देत होता. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या डिक मॅकॉलिफला वाटलं की हा आपल्या डोक्याच्या रोखाने चेंडू टाकतो आहे. तो उंचवट्यावर चालून आला, झटापट झाली, जॉनच्या खांद्याच्या लिगामेंट दुखावल्या आणि हंगाम तिथेच संपला.

डिसेंबर १९७१ मध्ये शिकागोने त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवलं आणि बदल्यात घेतला डिक अॅलन, त्या काळातला एक दणकेबाज फलंदाज. बातमी अॅलनची झाली, जॉन हा व्यवहारातला दुसरा माणूस होता. या दोघांची नावं त्रेपन्न वर्षांनंतरही एका यादीत एकत्र यायची होती.

डॉजर्सकडे गेल्यावर जॉनची चेंडूफेक परिपक्व झाली. १९७३ मध्ये १६ विजय, ७ पराभव. १९७४ च्या जुलैच्या मध्यापर्यंत १३ विजय आणि फक्त ३ पराभव. संघ अव्वल, तो फॉर्मात, वय ३१. पिचरला याहून चांगले दिवस येत नाहीत.

१७ जुलै १९७४ ला डॉजर स्टेडियमवर मॉंट्रियल एक्स्पोजविरुद्ध सामना होता. फलंदाज हॅल ब्रीडन. जॉनने सिंकर टाकला आणि कोपरात काहीतरी सुटलं. पुढे त्याने त्या क्षणाचं वर्णन करताना सांगितलं की वेदनेपेक्षा हात जागेवर नसल्याची भावना जास्त होती, जणू तो धड सोडून कुठेतरी निघून गेला होता. त्याने आणखी एक चेंडू टाकून पाहिला. तो भलतीकडेच गेला. मग तो स्वतःच उंचवट्यावरून उतरला आणि संघाच्या ट्रेनरला म्हणाला की जॅकेट घ्या, आपल्याला डॉक्टर जोबांकडे जायचं आहे.

आता जोबांविषयी, कारण हा माणूस साधा नव्हता. उत्तर कॅरोलायनात १९२५ साली जन्मलेले फ्रँक जोब दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या १०१ व्या हवाई छत्रीदलात वैद्यकीय साहित्य सांभाळणारे सार्जंट होते. बास्टोनच्या वेढ्यात जर्मनांनी त्यांना काही काळ पकडलंही, तिथून ते निसटले. तंबूत, तोफांच्या आवाजात सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्यांनी तिथे पाहिले आणि आपणही डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९६५ मध्ये रॉबर्ट कर्लन यांच्याबरोबर त्यांनी खेळाडूंच्या दुखापतींसाठी लॉस एंजेलिसमध्ये दवाखाना काढला. क्रीडावैद्यक ही स्वतंत्र शाखा आहे असं तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. पोलिओने लुळ्या पडलेल्या हातापायांत एका जागची कंडरा काढून दुसरीकडे बसवायची पद्धत तेव्हा रूढ होती, आणि जोबांना ती चांगली ठाऊक होती. तोच प्रकार चेंडू फेकणाऱ्या कोपरात करता येईल का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला.

त्यांनी जॉनला लगेच टेबलावर घेतलं नाही. आधी विश्रांती देऊन पाहिली. काही आठवड्यांनी जॉनने चेंडू फेकायचा प्रयत्न केला, हातात जीवच नव्हता. मग जोबांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. ऑपरेशन केलं नाही तरी रोजचं आयुष्य नीट चालेल, फक्त बेसबॉल संपेल. केलं तर शंभरात एक. जॉनने करायचं ठरवलं. गणितात हुशार असलेला हा मुलगा शून्य आणि शंभरात एक यांतला फरक बरोबर ओळखत होता, असं मला वाटतं.

शस्त्रक्रियेत दोन्ही हाडांना भोकं पाडली गेली आणि त्यांतून ती मनगटाची कंडरा इंग्रजी आठच्या आकारात ओवली गेली, मोची आरीने भोक पाडून वादी ओवतो तशी. ओवलेली कंडरा पहिल्या दिवशी लिगामेंट नसते. तिच्यात रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, पेशी रुजाव्या लागतात, तिचा पोत पालटावा लागतो. याला वर्ष लागतं, कधी जास्त. त्या काळात ती ताणली तर तुटते, अजिबात ताणली नाही तर निकामी राहते. किती ताण, कधीपासून, हे १९७४ मध्ये जगात कुणालाच माहीत नव्हतं. आज प्रत्येक पेशंटला आठवड्यागणिक कार्यक्रम छापून मिळतो. जॉनला तो कुणी देणार नव्हतं, कारण तो कार्यक्रम त्याच्याच हातावरून पुढे तयार व्हायचा होता.

आणि लगेच एक संकट आलं. कोपराजवळून जाणारी नस दुखावली होती. डाव्या हाताची बोटं आखडून पंजा वाकडा झाला, संवेदना गेली, स्नायू वाळू लागले. डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करून नस मोकळी करावी लागली. नस बरी होते ती अत्यंत सावकाश, दिवसाला मिलिमीटरच्या हिशेबाने. १९७५ च्या वसंतात संघाचा सराव सुरू झाला तेव्हा जॉन फ्लोरिडात हजर होता, पण चेंडू धरायला बोटं साथ देत नव्हती. त्याने बोटांना चिकटपट्टी लावली आणि तशा हाताने चेंडू टाकू लागला. भिंतीवर टाकला, बायकोने समोर उभं राहून झेलला तेव्हा तिच्याकडे टाकला. चिकणमातीसारखा गोळा मुठीत दाबत बसणं हा तर दिवसभराचा उद्योग. महिनोन्‌महिने काहीच बदल दिसत नव्हता. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत विलक्षण वाटतो तो हा काळ. शस्त्रक्रिया काही तासांत झाली. पुढचे अठरा महिने त्या माणसाने एकट्याने काढले. आपण बरे होतो आहोत की नाही हे सांगणारा एकही पूर्वीचा पेशंट जगात नसताना काढले.

याच काळात त्याला एक गुरू भेटला, तोही आपल्याच संघात. माइक मार्शल हा डॉजर्सचा पिचर शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचा अभ्यासक होता आणि पुढे त्यात डॉक्टरेट मिळवणार होता. १९७४ मध्ये त्याने एका हंगामात १०६ सामन्यांत चेंडू टाकले होते. तो विक्रम आजही अबाधित आहे. मार्शलने जॉनची फेकण्याची लकबच बदलायला लावली. धड फार फिरवायचं नाही, पाय आडवा नेऊन झटका द्यायचा नाही, सगळं शरीर सरळ फलंदाजाच्या दिशेने न्यायचं. हाताने शरीराला ओढायचं नाही, शरीराने हाताला न्यायचं. एकतिशी ओलांडलेल्या, दहा वर्षं वरच्या लीगमध्ये मुरलेल्या खेळाडूला मुळाक्षरांपासून शिकवणं सोपं नसतं. जॉन शिकला.

१६ एप्रिल १९७६ रोजी अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध तो पुन्हा उंचवट्यावर उभा राहिला. त्या हंगामात १० विजय, १० पराभव. आकडे सामान्य, पण हंगाम पुरा झाला, कोपर टिकलं. त्याला पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला. बहुतेकांना वाटलं, गोष्ट इथे गोड झाली, आता तो सुखाने घरी जाईल.

१९७७ मध्ये त्याने २० सामने जिंकले. आयुष्यात पहिल्यांदा. त्या वर्षी नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत फिलाडेल्फियात पाऊस पडत असताना, समोर स्टीव्ह कार्लटनसारखा महारथी असताना, त्याने नऊही डाव टाकून सामना काढला आणि डॉजर्सना वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या लढतीत, नेलं. १९७८ मध्ये १७ विजय. मग न्यूयॉर्क यांकीजनी त्याला घेतलं, आणि १९७९ मध्ये २१, १९८० मध्ये २२ विजय. शस्त्रक्रियेपूर्वीच्या अकरा वर्षांत त्याने एकदाही वीसचा आकडा गाठला नव्हता, नंतरच्या पाच वर्षांत तीनदा गाठला.

जोबांनी पुढचं असं ऑपरेशन केलं ते १९७८ मध्ये, ब्रेंट स्ट्रॉम या पिचरवर. स्ट्रॉम वरच्या लीगमध्ये पुन्हा कधीच खेळू शकला नाही. पुढे तो नामांकित प्रशिक्षक झाला, पण खेळाडू म्हणून संपला. तेच डॉक्टर, तीच पद्धत. याचा अर्थ कंडरा ओवल्याने सगळं होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

जॉनच्या यशातलं शस्त्रक्रियेचं श्रेय कमी करायचं नाही. ती नसती तर पुढचं काहीच नसतं. पण तो तेरा वर्षं टिकला तो कशामुळे? माझं उत्तर असं की, तो वेगाच्या मागे लागलेला पिचर कधीच नव्हता. ज्याची सगळी कमाई वेगावर असते, त्याला परत येताना तोच वेग हवा असतो, आणि तो वेग नव्या कंडरेकडूनही तीच किंमत मागतो. जॉनला हवा होता तो बुडणारा चेंडू, गुडघ्याच्या उंचीवर, कोपऱ्यात. तो चेंडू ताकदीपेक्षा बोटांच्या पकडीतून आणि फेकीच्या नेमकेपणातून येतो. पस्तिशीत, चाळिशीत तो जास्तच नेमका होत गेला. प्रतिस्पर्धी म्हणायचे की हा चेंडू खरवडतो, म्हणून तो इतका बुडतो. १९८७ मध्ये त्याच्याविरुद्ध डॉन सटन हा पिचर खेळत होता आणि सटन चेंडू खरवडतो आहे म्हणून यांकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर चिडले. त्यांनी व्यवस्थापक लू पिनेलाला तक्रार करायला सांगितलं. पिनेला म्हणाला, सटनला हे ज्याने शिकवलं तो आज आपल्या बाजूने खेळतोय, मग पंच दोघांचेही चेंडू तपासतील. हा किस्सा बेसबॉलमध्ये अजून सांगितला जातो. जॉनच्या कारकिर्दीवरचा हा संशय लपवण्यात अर्थ नाही.

१९८१ हे वर्ष त्याच्यासाठी कठीण गेलं. खेळाडूंच्या संपामुळे हंगाम मधोमध तुटला. ऑगस्टमध्ये त्याचा अडीच वर्षांचा मुलगा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला आणि कित्येक दिवस बेशुद्ध होता. पोर वाचलं, पूर्ण बरं झालं. जॉन दवाखाना आणि मैदान यांच्यामध्ये फिरत राहिला. त्याच वर्षी यांकीज वर्ल्ड सीरिजमध्ये पोचले, आणि समोर होते त्याचेच जुने डॉजर्स. दुसरा सामना त्याने जिंकून दिला. सहाव्या सामन्यात चौथ्या डावापर्यंत बरोबरी होती, जॉन छान टाकत होता, आणि व्यवस्थापक बॉब लेमनने त्याला काढून त्याच्या जागी फलंदाज पाठवला. कॅमेऱ्याने डगआउटमधला त्याचा अविश्वासाने भरलेला चेहरा टिपला. यांकीज तो सामना ९-२ असा हरले आणि मालिकाही गेली. १९७७, १९७८ आणि १९८१ अशा तीन वर्ल्ड सीरिज तो खेळला, तिन्हींत त्याचा संघ हरला. त्यातल्या पहिल्या दोन यांकीजविरुद्ध डॉजर्सकडून, तिसरी डॉजर्सविरुद्ध यांकीजकडून.

पुढे कॅलिफोर्निया एंजल्स, ओकलंड, आणि पुन्हा यांकीज. मधली काही वर्षं खराब गेली. कुणी करार देईना, तरी तो सरावशिबिरात जाऊन उभा राहायचा. १९८७ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्याने १३ सामने जिंकले. मार्क मॅग्वायर नावाचा तरुण फलंदाज तेव्हा ओकलंडकडून चमकत होता. त्याचे वडील दंतवैद्य, आणि जॉन त्यांचा पेशंट. आपल्या दंतवैद्याचा मुलगा आपल्याला झोडपायला लागला की निवृत्तीची वेळ झाली समजावी, असं जॉन हसत सांगायचा. तरी तो थांबला नाही. १९८९ च्या हंगामाचा पहिलाच सामना यांकीजनी त्याच्या हाती सोपवला. तो ४५ वर्षांचा होता, आणि तो सामना जिंकला. मे महिन्यात संघाने त्याला मोकळं केलं. २६ हंगाम, २८८ विजय, ४७०० हून जास्त डाव. पुनरागमनानंतर कोपराच्या दुखापतीने त्याचा एकही हंगाम वाया गेला नाही.

आता या शस्त्रक्रियेचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण त्याची काळजी खुद्द टॉमी जॉनलाच आहे.

पुढे तंत्र सुधारलं, यश वाढलं. आज दहातले आठ पिचर तरी परत खेळतात. जस्टिन व्हरलँडरने २०२० मध्ये ती करून घेतली आणि २०२२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. ओहतानीच्या कोपरावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, जोबांच्याच संस्थेतल्या नील एलाट्राश यांच्या हातून, आणि त्यानंतर काही महिन्यांत जॉनच्या जुन्या डॉजर्सनी त्याला सत्तर कोटी डॉलरचा करार दिला. कापलेल्या कोपरावर इतका विश्वास! १९७४ मध्ये शंभरात एक म्हणणाऱ्या जोबांना हे स्वप्नातही दिसलं नसतं.

पण मेजर लीगमधल्या दर तीन पिचरपैकी साधारण एकाच्या कोपरात आज अशी उसनी कंडरा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरच्या दुखापतींवर स्वतःचा अहवाल काढला. त्यात दोष ठेवला आहे तो वेगाच्या हव्यासावर आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकण्यावर. २००८ मध्ये सरासरी वेगवान चेंडू ताशी ९१.३ मैलांचा होता, २०२४ मध्ये ९४.२ मैलांचा. म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर, आणि ही सरासरी आहे. टॉमी जॉन आजच्या निवड चाचणीला उभा राहिला असता, तर यंत्राने त्याचा वेग दाखवताच त्याला घरी पाठवलं असतं.

याहून वाईट गोष्ट मुलांची. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २००७ ते २०११ या काळातल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून जास्त १५ ते १९ वयाच्या मुलांवर झालेल्या आढळल्या. बाराही महिने चेंडूफेक, एकाच वेळी दोन-दोन संघ, वेग मोजायची यंत्रं, शिष्यवृत्तीची आशा. काही पालकांना तर वाटतं की ऑपरेशन केलं की हात पूर्वीपेक्षा जोरात चालतो, म्हणून दुखण्याआधीच करून घ्यावं. हा निव्वळ गैरसमज आहे. जॉन स्मोल्ट्झ हा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेला आणि हॉल ऑफ फेममध्ये पोचलेला पहिला पिचर. २०१५ मध्ये त्या सन्मानाच्या भाषणातला वेळ त्याने आईबापांना हेच सांगण्यासाठी वापरला : मुलांना बारा महिने चेंडू फेकायला लावू नका. टॉमी जॉन स्वतः अनेक वर्षं हेच सांगतो आहे. आपलं नाव पोरांच्या कोपरांवरच्या व्रणांना जोडलं जावं, हे त्याला मान्य नाही.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या ज्या मराठी घरांतली मुलं लिटल लीगमध्ये खेळतात, त्यांनी मेजर लीगच्या ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शिकेतले आकडे फ्रिजवर लावून ठेवावेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू. वर्षातले किमान चार महिने चेंडूफेक बंद. आपल्याकडे मैदानावर नेटमध्ये दहा वर्षांच्या पोराला तासन्‌तास जोरात टाकायला लावणाऱ्यांनीही कोपराऐवजी पाठ धरून हाच विचार करावा.

जोब ६ मार्च २०१४ रोजी गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात कूपर्सटाउन इथे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने त्यांचा गौरव केला, तेव्हा टॉमी जॉन तिथे हजर होता. पाहुणा म्हणून. त्याचं स्वतःचं नाव त्या भिंतीवर नाही. पत्रकारांच्या मतदानात तो पंधरा वर्षं यादीत राहिला. ७५ टक्के मतं लागतात, त्याला सर्वाधिक मिळाली ती २००९ मध्ये, ३१.७ टक्के. तीनशे विजयांना बारा कमी पडले, असं कारण लोक देतात. १९७४ चा अर्धा हंगाम आणि १९७५ चा सगळा हंगाम त्याला खेळता आला असता तर ते बारा विजय कुठेच गेले नसते, हा हिशेब कुणीही करू शकतो. २८७ विजयांचा बर्ट ब्लायलेव्हन तिथे आहे, २८३ विजयांचा जिम काट तिथे आहे. दोघेही त्या मानाला पात्रच आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या काळातल्या खेळाडूंसाठीच्या सोळा जणांच्या समितीपुढे त्याचं नाव पुन्हा आलं. बारा मतं लागत होती, त्याला सात मिळाली. त्याच दिवशी, त्याच यादीतून, डिक अॅलनची निवड झाली. ज्याच्या बदल्यात शिकागोने टॉमी जॉनला १९७१ मध्ये देऊन टाकलं होतं तोच अॅलन. अॅलनचा अधिकार वादातीत होता, पण निवडीची बातमी ऐकायला तो नव्हता, चार वर्षांपूर्वीच गेला होता.

ही समिती पुन्हा बसेल डिसेंबर २०२७ मध्ये. टॉमी जॉन तेव्हा ८४ वर्षांचा असेल. तेरा वर्षं त्याने जे करून दाखवलं, त्याच्या आधारावर आज शेकडो पिचर खेळत आहेत, आणि ते सगळं बाजूला ठेवलं तरी २८८ विजय उरतातच. त्याला कूपर्सटाउनमध्ये घेतलं पाहिजे, आणि त्याच्या हयातीत घेतलं पाहिजे.